व्याख्यानमाला हॉलमध्ये आणि झूमवर एकाच वेळी: आवाजाची जोडणी कशी करावी?

कार्यवाह_वाचनालय (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मे महिन्यात आमच्या वाचनालयाची तीन दिवसांची व्याख्यानमाला आहे, रोज संध्याकाळी साडेसहाला. हॉल साधारण ६० बाय ४० फूट, १८० खुर्च्या, भिंती उघड्या, त्यामुळे आवाज घुमतो. साउंडवाल्याकडे १२ चॅनलचा साधा मिक्सर, दोन बॉक्स (स्पीकर), पोडियमला गूजनेक (वाकणाऱ्या दांडीचा माईक) आणि दोन कॉर्डलेस माईक आहेत. आमच्याकडे दोन लॅपटॉप, प्रोजेक्टर आणि एचडीएमआय आउट असलेला हँडीकॅम आहे.

बाहेरगावचे आणि परदेशातले ६० एक सभासद झूमवर असतील. तिसऱ्या दिवशीचे वक्ते न्यू जर्सीहून बोलणार आहेत आणि हॉलमधल्या लोकांना त्यांना प्रश्न विचारायचे आहेत. गेल्या वर्षी लॅपटॉप स्टेजवर ठेवून त्याच्याच माईकवर भागवलं. ऑनलाइनवाल्यांना विहिरीतून बोलल्यासारखं ऐकू आलं, हॉलमधले प्रश्न ऐकूच गेले नाहीत, आणि पलीकडचं कुणी बोललं की त्याचाच आवाज त्याला परत जायचा.

मिक्सरचा हेडफोन आउट लॅपटॉपच्या माईकच्या भोकात घातला तर भागेल का? भाडं धरून बजेट २५ हजार आहे.

ऑक्स_दोन

नाही भागणार. माईकची पातळी काही मिलिव्होल्ट असते, मिक्सरचा आउट सव्वा व्होल्टच्या आसपास. लॅपटॉपचं भोक माईकसाठी असतं, त्यात लाइनचा, म्हणजे मिक्सरसारख्या यंत्रातून निघणारा जोरकस आवाज घातला की तो फाटतो. मग कुणीतरी मिक्सरचा व्हॉल्यूम पार खाली आणतो आणि फाटण्याऐवजी खरखर ऐकू येते. शिवाय हल्लीच्या लॅपटॉपला एकच भोक असतं, त्याला चार कड्यांची पिन लागते. साधी स्टीरिओ पिन घातली तर माईकची कडी जमिनीलाच टेकते.

दोन इनपुट, दोन आउटपुटचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या, म्हणजे मिक्सरचा आवाज लॅपटॉपला आणि लॅपटॉपचा मिक्सरला पोचवणारी डबी. पाच ते पंधरा हजारांत मिळतो, तुमच्या कामाला स्वस्तातलाही पुरेल. आता मुख्य गोष्ट. न्यू जर्सीच्या वक्त्याला हॉलमधलं सगळं ऐकू गेलं पाहिजे, फक्त त्याचा स्वतःचा आवाज सोडून. गेल्या वर्षीचा घोळ नेमका इथेच आहे. याला मिक्स-मायनस म्हणतात. साध्या मिक्सरवर ते एका नॉबचं काम आहे:

मिक्सरच्या ऑक्स १ सेंडमधून (हॉलच्या आवाजापासून वेगळा मिक्स बाहेर काढायची वाट) पाव इंची पिन इंटरफेसच्या इनपुट १ मध्ये, इनपुट लाइनवर ठेवून. इंटरफेसचे डावे-उजवे आउट मिक्सरच्या एका स्टीरिओ चॅनलला, समजा ९/१० ला. झूममध्ये माईक आणि स्पीकर दोन्ही जागी इंटरफेसच निवडायचा. सगळ्या माईकच्या चॅनलवर ऑक्स १ चा नॉब साधारण बारा वाजताच्या स्थितीत. ९/१० चा ऑक्स १ मात्र पूर्ण डावीकडे, शून्यावर. त्यावर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा: हात लावू नये.

म्हणजे वक्त्याचा आवाज ९/१० वरून हॉलच्या बॉक्सला जातो, पण ऑक्समधून त्याच्याकडे परत फिरत नाही.

मिक्सरला स्वतःचा यूएसबी असेल तर इंटरफेस वाचेल असं वाटेल. तिथे सांभाळा. बऱ्याच लहान मिक्सरचा यूएसबी आउट मेन मिक्सचीच, म्हणजे हॉलच्या बॉक्सना जाणाऱ्या आवाजाचीच नक्कल असतो. झूमचा आवाज मेनमध्ये आला की तो यूएसबीवाटे परत जाणारच. काहींना यूएसबीच्या चॅनलवर ‘मेनकडे की मॉनिटरकडे’ असा स्विच असतो. तो मॉनिटरकडे करून हॉलचे बॉक्स मॉनिटर आउटवर घेतले तर जमतं, पण ते मॅन्युअल वाचल्याशिवाय करू नका.

ऑक्स प्री-फेडर ठेवा, म्हणजे चॅनलचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) हलवला तरी ऑक्सला जाणारा आवाज बदलत नाही. हॉल लहान असला की साउंडवाला खणखणीत आवाजाच्या वक्त्याचा फेडर खाली ओढतो, कारण पुढच्या रांगांना तो नुसत्या गळ्यानेच ऐकू येत असतो. ऑक्स पोस्ट-फेडर, म्हणजे फेडरच्या मागोमाग चालणारा असेल तर झूमवाल्यांचा आवाजही त्याच्याबरोबर पडतो.

फेडर_खाली

जोडणी बरोबर आहे, प्री-फेडरला मात्र माझा विरोध. इथे एकच साउंडवाला आहे आणि तो माईक बंद करायला म्यूटचं बटण दाबत नाही, फेडर खाली ओढतो. सवयच ती. प्री-फेडर ऑक्सवर तो माईक झूमसाठी चालूच राहतो. अध्यक्ष पोडियमवरून उतरताना शेजाऱ्याला काय म्हणाले ते थेट न्यू जर्सीला ऐकू जातं. ऑनलाइनसाठी वेगळा माणूस हेडफोन लावून बसणार असेल तर प्री, नाहीतर पोस्ट. पोस्ट ठेवलात तर ज्या माईकचा फेडर खाली असतो त्याच्या चॅनलचा ऑक्स थोडा वाढवून द्या.

दुसरी गोष्ट, मिक्स-मायनसने फक्त तारेतला परतीचा रस्ता बंद होतो. हॉलच्या बॉक्समधून निघालेला आवाज पोडियमच्या माईकमध्ये शिरतो, तो रस्ता उघडाच असतो. म्हणून बॉक्स माईकच्या रेषेच्या पुढे, प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवा. ऑनलाइन वक्ता बोलत असताना हॉलचे सगळे माईक बंद, प्रश्नाच्या वेळी फक्त एक कॉर्डलेस चालू. झूमचं इको कॅन्सलेशन बंद करू नका. उरलेसुरलेले पडसाद तेच खातं.

पातळी: बोलताना ऑनलाइनकडे जाणारा आवाज शिखराला उणे १२ डीबीच्या आसपास हवा. गूजनेक तोंडापासून एक वीत अंतरावर. हातभर लांब ठेवला तर हॉलचा घुमारा वाढतो आणि पुन्हा तीच विहीर.

आणि सुरुवातीला ईशस्तवन असेल ना? झूमचं नॉइज सप्रेशन तानपुऱ्याला पंख्याची घरघर समजून कापतं, पेटीचा लांब सूरही मधेच गिळतं. तेवढ्यापुरतं ‘ओरिजिनल साउंड’ (आवाज न छाटता पाठवायची झूमची सोय) चालू करायचं, गाणं संपलं की बंद. कुणी करायचं ते आधीच ठरवून ठेवा. ऐन वेळी सगळे दीपप्रज्वलनाचे फोटो काढत असतात.

कार्यवाह_वाचनालय

दोघांचे आभार. नॉबचं लक्षात आलं. साउंडवाला एकच, म्हणजे पोस्ट. चित्राचं काय करू? गेल्या वेळी हँडीकॅम पडद्यावर रोखला होता, स्लाइड वाचताच येत नव्हत्या. आणि न्यू जर्सीच्या वक्त्यांना समोरचे लोक दिसावेत अशी इच्छा आहे.

पन्नास_हर्ट्झ

पडद्याचं चित्रण करूच नका. प्रोजेक्टरच्या प्रकाशात कॅमेऱ्याचं एक्स्पोजर गोंधळतं. पडदा पांढराफटक, नाहीतर वक्ता काळाठिक्कर. दोन लॅपटॉप आहेत ते असे वाटून घ्या.

पहिला यजमान: इंटरफेस, कॅमेरा आणि मीटिंगचा ताबा याच्याकडे. दुसरा स्लाइडचा: एचडीएमआयने प्रोजेक्टरला, आणि त्याच मीटिंगमध्ये ऑडिओ न जोडता सामील करून स्क्रीन शेअर. ‘ऑडिओ न जोडता’ हे नीट वाचा. नुसतं म्यूट केलंत तर माईक बंद होतो पण स्पीकर चालू राहतो, आणि कुणीतरी चुकून अनम्यूट केलं की हॉलभर शिट्टी. तिसऱ्या दिवशी उलटं: वक्ता स्वतः शेअर करेल, दुसरा लॅपटॉप फक्त त्याला पडद्यावर दाखवेल.

वक्त्याला मोठं दाखवायचं तर यजमानाने स्पॉटलाइट करायचं. पिन केलेलं फक्त पिन करणाऱ्यालाच दिसतं, बाकीच्यांना कुणी खोकला की तो मोठा दिसतो. लोक दिसण्यासाठी साधा वेबकॅम स्टेजच्या कडेला, प्रेक्षकांकडे तोंड करून, दुसऱ्या लॅपटॉपला लावा.

हँडीकॅमचा एचडीएमआय हजार-दोन हजारांच्या कॅप्चर कार्डमधून यजमान लॅपटॉपला. मेनूमधून पडद्यावरची अक्षरं बंद करा, नाहीतर बॅटरीचं चिन्ह सगळ्यांना दिसत राहील. पाच मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोयही बंद. शटर १/५० वर कुलूपबंद करा: आपली वीज ५० हर्ट्झची, १/६० वर ठेवलंत तर काही एलईडी दिव्यांखाली चित्रावर पट्टे सरकतात. वेबकॅमच्या सेटिंगमध्येही ‘अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झ’ असतं. व्हाइट बॅलन्स आणि एक्स्पोजर मॅन्युअलवर ठेवा, ऑटोवर स्लाइड बदलली की चेहऱ्याचा रंग बदलतो. वक्त्याच्या चेहऱ्यावर समोरून, थोडा बाजूने एक दिवा हवाच. पडद्यावर उजेड पडू नये म्हणून बरेच जण स्टेज अंधारं करतात, मग झूमवर भुतासारखी सावली दिसते.

एचडीएमआयची साधी वायर १० मीटरपर्यंत घ्या. त्याहून लांब असेल तर कॅट ६ वरचा एक्स्टेंडर. २० मीटरची स्वस्त वायर दुकानात चालते आणि हॉलमध्ये दर दोन मिनिटांनी पडदा काळा करते.

ओठ आणि आवाज जुळले नाहीत तर कारण कॅप्चर कार्ड: चित्र उशिरा येतं, आवाज इंटरफेसवरून आधी पोचतो. आवाज ४५ मिलिसेकंद जरी पुढे गेला तरी खटकू लागतो, मागे पडला तर सव्वाशेपर्यंत माणूस खपवून घेतो. झूममध्ये हे दुरुस्त करायची सोय नाही. हँडीकॅमला बाहेरच्या माईकचं इनपुट असेल तर ऑक्सचा आवाज पातळी उतरवून तिथे द्या. चित्र आणि आवाज एकत्रच एचडीएमआयवरून येतील, आणि झूममध्ये माईक म्हणून कॅप्चर कार्ड निवडायचं. स्पीकर मात्र इंटरफेसच. टाळी वाजवून तपासा.

डोंगलवाला

इंटरनेटबद्दल कुणीच बोललं नाही. झूमच्या एचडी चित्राला अपलोड ३ ते ४ एमबीपीएस लागतं, यूट्यूबलाही पाठवणार असाल तर तितकंच आणखी. म्हणून किमान १० एमबीपीएस अपलोड, राउटरपासून यजमान लॅपटॉपपर्यंत लॅनची वायर. कॅट ६ शंभर मीटरपर्यंत जाते, तुमच्या हॉलला हरकत नाही.

फोनच्या हॉटस्पॉटवर भरवसा ठेवू नका. दुपारी रिकाम्या हॉलमध्ये चाचणी घेतली की ४० एमबीपीएस दिसतं. साडेसहाला १८० माणसं आपापला फोन घेऊन त्याच टॉवरला चिकटतात. दुसऱ्या कंपनीचं डोंगल फक्त राखीव म्हणून ठेवा, आणि स्पीड टेस्ट आदल्या दिवशी त्याच वेळेला घ्या. एखाद्या फोनवर सहयजमान म्हणून कुणाला तरी बसवा, यजमान लॅपटॉप पडला तरी मीटिंग त्याच्याकडे राहते. झूमचं फुकटचं खातं ४० मिनिटांत बंद पडतं, हे गृहीत धरलंच असेल. यूट्यूबच्या नव्या चॅनलवर थेट प्रक्षेपणाची परवानगी मिळायला २४ तास लागू शकतात, म्हणून आठवडाभर आधी चालू करा. यूट्यूबवरून येणारे प्रश्न काही सेकंद मागे असतात, ते चॅटवरून वाचून दाखवणारा माणूस वेगळा.

वीज: राउटर आणि फायबरच्या डबीला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस, मिक्सर आणि कॅमेऱ्याला ६०० व्हीएचा. प्रोजेक्टर त्यावर टाकू नका, एकटाच तो ३०० वॉट खातो आणि यूपीएस पाच-दहा मिनिटांत बसतो. वीज गेली तर पडदा गेला, पण आवाज आणि मीटिंग चालू राहिली पाहिजे. बॉक्सचे अॅम्प्लिफायर जनरेटरवर.

वेळेचंही बघा. संध्याकाळी साडेसहा म्हणजे मे महिन्यात न्यू जर्सीत सकाळचे नऊ, लंडनला दुपारचे दोन, सिडनीला रात्रीचे अकरा. वक्त्याला त्यांच्या सकाळच्या साडेआठला जोडून घ्या आणि इअरफोन लावायला सांगा. त्यांच्याकडच्या लॅपटॉपच्या स्पीकरचा पडसाद तुमचं कुठलंही मिक्स-मायनस थांबवत नाही.

कार्यवाह_वाचनालय

आज इंटरफेस भाड्याने आणून जोडून पाहिला. हॉलमध्ये स्पष्ट, झूमवरही उत्तम, पण सतत एक ‘घूं’ येते. लॅपटॉपचा चार्जर काढला की जाते. चार्जरची अर्थची पिन काढून टाकावी असं साउंडवाला म्हणतो.

ऑक्स_दोन

पिन काढू नका. शॉक लागू नये म्हणून ती आहे, त्या लॅपटॉपला हात लावणारा माणूस माईकही धरणार आहे. हा अर्थचा फेरा आहे: लॅपटॉप एका बोर्डवर, मिक्सर स्टेजमागच्या दुसऱ्या सॉकेटवर, आणि दोन्ही अर्थ ऑडिओच्या वायरने जोडले गेले. आधी मिक्सर, लॅपटॉप आणि प्रोजेक्टर एकाच एक्स्टेंशनवर आणून बघा. बहुतेक वेळा तिथेच थांबतं. नाही थांबलं तर ऑक्स आउट आणि इंटरफेस यांच्यामध्ये ग्राउंड लिफ्टचा (अर्थची जोडणी तोडणारा) स्विच असलेला डीआय बॉक्स, म्हणजे लाइनचा आवाज माईकच्या पातळीला आणणारी डबी, किंवा लाइनचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर, जो आवाज पुढे जाऊ देतो पण तारांचा थेट जोड तोडतो. ९/१० च्या परतीच्या वायरवरही तसाच एक लागेल, एका बाजूनेच तोडलंत तर दुसरीकडून फेरा पूर्ण होतो. स्टीरिओची गरज नाही, एकच बाजू जोडली की एक ट्रान्सफॉर्मर वाचेल.

फेडर_खाली

डीआय बॉक्स लावलात तर त्याचा आउट माईकच्या पातळीचा होतो, म्हणजे इंटरफेसचा इनपुट लाइनवरून माईकवर न्यावा लागेल आणि गेन पुन्हा लावावा लागेल. तिथे ४८ व्होल्ट (माईकला वायरीतूनच दिली जाणारी वीज, फँटम पॉवर) बंद ठेवा. मिक्सरवर गूजनेकसाठी ते चालू असेलच. कार्यक्रम चालू असताना त्या बटणाला हात लावायचा झाला तर आधी मेनचा फेडर खाली, नाहीतर बॉक्समधून फटाका फुटल्यासारखा ठोका येतो.