मलुकूच्या बेटांवर आपापलं फिरताना धोका कसा जोखलात? (अनुभव धागा)

इंडोनेशिया म्हटलं की आपल्या इंदूरची मंडळी बालीला जातात आणि परत येतात. त्याच देशाच्या पूर्वेला अंबोन, बांदा, केई, सेराम ही मलुकूची बेटं आहेत, तिकडे आपल्या टूरवाल्यांच्या सहली जात नाहीत. तरी आपल्यातले काहीजण स्वतःच्या हिमतीवर जाऊन आलेत, हे मला ठाऊक आहे. सुदामा नगरातल्या माझ्या मैत्रिणीची २७ वर्षांची लेक दिवाळीच्या सुमारास एकटी निघायचं म्हणतेय. आईचा प्रश्न एकच, "सुरक्षित आहे का गं तिकडे?" या प्रश्नाला नुसतं हो किंवा नाही म्हणणारा माणूस मला कधी भरवशाचा वाटला नाही. कोणती बोट, कोणता महिना, दिवसाची कोणती वेळ, कोणाच्या घरी मुक्काम, यावर सगळं असतं. म्हणून हा धागा. "लोक फार छान आहेत" एवढ्यावर थांबू नका. तिथे उभं असताना तुम्ही काय पाहिलंत, कोणाला काय विचारलंत आणि कशावरून जायचं किंवा थांबायचं ठरवलंत, ते लिहा.

राजेंद्र नगरहून

आम्ही नवरा-बायको, दोघंही साठीपुढचे. ज्याला सांगू तो मोबाइलवर अंबोन शोधायचा आणि दंगलींचे फोटो दाखवायचा. फोटो खोटे नाहीत. जानेवारी १९९९ मध्ये तिथे ख्रिस्ती आणि मुसलमान वस्त्यांमध्ये जे पेटलं, ते फेब्रुवारी २००२ च्या मालिनो शांतता करारापर्यंत धुमसत राहिलं. हजारो माणसं गेली. पण त्याला दोन दशकं उलटून गेली, आणि त्या फोटोंवरून आज कोणत्या रस्त्यानं जावं हे कळत नाही.

म्हणून आम्ही जिथे उतरू तिथे एकच विचारायचो, "गेल्या महिन्याभरात इथे काय काय झालं?" अंबोनच्या घरमालकानं जरा आठवून सांगितलं, की अमुक दोन गावांत जमिनीवरून मारामारी झालीय, त्या बाजूचा रस्ता सध्या टाळा. "सगळं ठीक आहे, बिनधास्त फिरा" म्हणणाऱ्यापेक्षा हा माणूस मला शंभर पटीनं उपयोगाचा वाटला. तो गावातल्या वादाचं नाव घेऊन बोलत होता.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्याबद्दलही त्यानंच सावध केलं. २५ एप्रिल १९५० ला दक्षिण मलुकूचं वेगळं प्रजासत्ताक जाहीर झालं होतं. आजही त्या तारखेच्या आसपास पोलिसांची गस्त वाढते आणि त्या प्रजासत्ताकाचा झेंडा फडकवणाऱ्याला अटक होते. पाहुण्यानं त्या दिवसांत मोर्चाचे फोटो काढू नयेत आणि त्या विषयावर तोंड उघडू नये.

आणखी एक पाहिलं. तिथे गावागावांत पेला नावाचं पिढ्यान्‌पिढ्यांचं भाऊपणाचं नातं असतं, कधीकधी एक गाव ख्रिस्ती आणि दुसरं मुसलमान. मशिदीच्या बांधकामाला पेलातलं ख्रिस्ती गाव हात लावतं, चर्चच्या कामाला मुसलमान गाव. दंगलींनंतर लोकांनी हीच नाती पुन्हा उभी करायला घेतली. हे ऐकल्यावर माझ्या बायकोच्या मनातली भीती बरीच उतरली.

लोकमान्य नगरहून

माझं म्हणणं फक्त समुद्राबद्दल आहे, कारण त्या भागात माणसांपेक्षा पाण्याला जपायचं असतं. आपण नर्मदाकाठची माणसं. ओंकारेश्वरला नावेतून पलीकडे जातो, म्हणून पाण्याची जाण आहे असं समजतो. ती जाण बांदा समुद्रात कामाची नाही.

पहिली गोष्ट महिना. आपल्या डोक्यात पावसाळ्याचं एक वेळापत्रक पक्कं असतं, ते घरी ठेवायचं. अंबोनला सगळ्यात जास्त पाऊस जून-जुलैला, पण बांदाचा समुद्र वर्षातून दोनदा खवळतो, जानेवारी-फेब्रुवारीत पश्चिमेच्या वाऱ्यानं आणि जून ते ऑगस्ट पूर्वेच्या. मधल्या काळात, मार्च-एप्रिल आणि साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर, तो बराच निवळतो. तेव्हा मैत्रिणीच्या मुलीचा दिवाळीचा बेत महिन्याच्या हिशेबानं चांगला आहे.

दुसरी गोष्ट बोट. अंबोनच्या तुलेहू बंदरातून बांदा नेइराला जलद बोट जाते, पण समुद्र बिघडला की ती रद्द होते. पेल्नी या सरकारी कंपनीची मोठी जहाजं जातात, ती सावकाश आणि तुडुंब भरलेली, पण लाटांना जास्त दमदार. मी मोठं जहाज घेतलं. चढल्यावर आधी लाइफ जॅकेटची पेटी कुठे आहे ते बघितलं आणि तिच्यावर कुणाच्या पोत्यांचा ढीग तर नाही ना, तेही.

खरा कस लागतो तो छोट्या होड्यांवर. बांदा नेइराहून रुन बेटावर जायचं होतं. जायफळाच्या ज्या बेटावरचा हक्क इंग्रजांनी १६६७ च्या ब्रेडाच्या तहात डचांना सोडला आणि मॅनहॅटन आपल्याकडे ठेवलं, तेच हे रुन. लाकडी होडी, मागे मोटर, दीड-दोन तासांची वाट. धक्क्यावर उभा राहून मी होडीत वाकून बघायचो. तळाशी किती पाणी साचलंय? ते उपसायला तेलाचा कापलेला कॅन आहे का, आणि तो माणसाच्या हाताशी आहे की सामानाखाली दबलाय? एका होडीत नावाड्याच्या पोरानं तो कॅन दोरीनं फळीला बांधून ठेवला होता, म्हणजे उलटली तरी कॅन जाणार नाही. त्याच होडीत दुसरी लहान मोटर आणि वल्ही होती. गावातल्या दोन बायका तान्ह्या मुलांना घेऊन त्यात बसल्या, मग मीही बसलो.

परतीच्या दिवशी नावाडी समुद्राकडे बघत राहिला आणि म्हणाला, आज नाही, उद्या पहाटे. बरोबरच्या एका युरोपीय प्रवाशाचं अंबोनहून दुसऱ्या दिवशीचं विमान होतं. त्यानं दुप्पट पैसे देऊ केले. आमचा नावाडी बधला नाही. दुसरा एक तरुण लगेच तयार झाला. मी थांबलो, कारण पैसे दिसत असूनही जो नाही म्हणाला त्याला समुद्रात काहीतरी दिसलं होतं. तो प्रवासी सुखरूप पोचला, हेही सांगतो. तरीही पुन्हा तसा प्रसंग आला तर मी थांबेनच.

यातून मुलीच्या आईला एक कळकळीनं सांगायचंय. परतीचं तिकीट घट्ट बांधलेलं असलं, की शहाणा माणूसही नको त्या दिवशी होडीत पाय ठेवतो. बांदाहून परत येणं आणि अंबोनचं विमान यांच्यात निदान तीन मोकळे दिवस ठेवू दे तिला. हॉटेलवर, गाइडवर वाचवलेले पैसे या तीन दिवसांवर खर्च करावेत. याइतका फायद्याचा खर्च त्या प्रवासात दुसरा नाही.

वैशाली नगरहून

मी एकटी गेले होते, केई बेटांवर. लांगगुरला विमानानं उतरून पुढे न्गुरब्लोआतच्या किनाऱ्याजवळ एका घरात राहिले. वरच्या काकांनी माणसांपेक्षा पाण्याला जपा असं लिहिलंय, ते पुरुषाच्या बाजूनं खरं असेल. बाईला दोन्हीकडे बघावं लागतं.

नव्या गावात मी उजेड असतानाच पोचायची. अंधारात पोचणारी बस किंवा बोट असेल तर मोठ्या गावात रात्र काढून सकाळची धरायची. घर निवडताना घरात बाई राहते का, हे आधी. फोटोत दिसणारी बाई पुरेशी नाही, फोनवर बोलणारी हवी. गावात पोचल्यावर घरमालकीण मला गावप्रमुखाकडे घेऊन गेली. मलुकूतल्या पुष्कळ गावांत त्याला राजाच म्हणतात. वहीत नाव लिहिलं, चहा झाला. त्यानंतर मी कोणाची पाहुणी आहे हे गावाला माहीत झालं, आणि रस्त्यावरच्या पोरांचं वागणं त्याच संध्याकाळी बदललं.

तिथे ताडापासून गाळलेली सोपी नावाची दारू असते. दिवसा अत्यंत अदबीनं बोलणारे पुरुष संध्याकाळी घोळक्यानं ती घेऊन बसतात. बहुतेक वेळा गाणी आणि हसणंखिदळणं, तेवढंच. पण मी त्या घोळक्यात बोलावूनही बसले नाही आणि काळोख पडल्यावर अनोळखी मोटरसायकलवाल्यामागे बसले नाही. माझं घड्याळ म्हणजे शेजारच्या बायका. त्या अंगणात भाजी निवडत, केस विंचरत बसलेल्या असेपर्यंत मी किनाऱ्यावर असायची. त्या आत गेल्या की मीही आत.

पोहताना टी-शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची चड्डी. मुसलमान गाव असो की ख्रिस्ती, तिथल्या मुलीही तशाच पोहतात. आणि किनाऱ्यावर किंवा बागेच्या तोंडाशी नारळाची झावळी बांधलेली दिसली तर तिथलं काही तोडायचं, पकडायचं नाही. त्याला सासी म्हणतात, ठरावीक काळापुरती गावानं घातलेली बंदी. ती मोडणाऱ्या पाहुण्याच्या बाजूनं मग कोणी उभं राहत नाही, आणि एकट्या बाईला गाव बाजूला असणं फार लागतं.

एक कबूल केलं पाहिजे, हे जपणं कधीकधी जाच होतो. कुठे चाललीस, का चाललीस, नवरा कुठेय, दिवसातून दहादा. मला ते चाललं. ज्यांना चालणार नाही त्यांनी हे आधीच ओळखून जावं.

(वैशाली नगरच्या ताई, फोनवर बोलणारी बाई शोधायची ही गोष्ट मी टिपून घेतली. भाषेचं काय केलंत? – धागाकर्ती)

पन्नासेक शब्द पाठ करून गेले होते, बाकी फोनवरचं भाषांतर. ते आधीच डाऊनलोड करून ठेवायचं, छोट्या बेटांवर नेटचा काही नेम नाही.

जेल रोडहून, मी डॉक्टर आहे

गुन्हेगारीबद्दल लोक तासन्‌तास विचारतात आणि डासांबद्दल विचारत नाहीत, याची मला काळजी वाटते. पूर्व इंडोनेशियात मलेरिया आहे, फॅल्सिपॅरम आणि व्हायवॅक्स हे दोन्ही प्रकार. कोणत्या बेटावर किती दिवस, हे सांगून निघण्याआधी डॉक्टरांकडून प्रतिबंधक गोळी ठरवून घ्या. डॉक्सिसायक्लिन असेल तर ती परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची असते, आणि नेमकी हीच गोष्ट लोक सोडून देतात. मच्छरदाणी, संध्याकाळी पूर्ण बाह्या, अंगाला लावायचं औषध, हे गोळीच्या जोडीला, गोळीऐवजी नाही.

परत आल्यावर काही आठवड्यांनी, महिन्यांनीही ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासा आणि "मी मलुकूला जाऊन आलेय" हे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. इंदुरात ताप आला की आधी डेंगी आणि टायफॉइड आठवतात. पहिली तपासणी निगेटिव्ह आली तरी पुन्हा करावी लागते. इंडोनेशियातल्या व्हायवॅक्सवर क्लोरोक्विनचा भरवसा नाही, म्हणून घरातल्या डब्यातल्या जुन्या गोळ्या घेऊन बसू नका. आणि डेंगीची शंका असताना ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन नको, पॅरासिटामॉल घ्या.

छोट्या बेटावर पुस्केस्मास म्हणजे आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रासारखं काही असेल. त्यापुढचं सगळं बोटीवर अवलंबून. त्यामुळे विम्यात रुग्णाला विमानानं हलवण्याचा खर्च धरलाय का, तो कागद स्वतः वाचा.

छत्रीबागेतून, थोडक्यात

भूकंपाचं कोणी लिहिलं नाही. २६ सप्टेंबर २०१९ ला अंबोनला ६.५ चा धक्का बसला होता. बांदाचा गुनुंग आपी ज्वालामुखी १९८८ मध्ये फुटला होता. किनाऱ्यावर मुक्काम असेल तर सामान ठेवायच्या आधी उंचावर जाणारी वाट कुठली ते विचारा आणि एकदा चालून बघा. तिकडे लोकांना २०-२०-२० शिकवतात. वीस सेकंद जमीन हलत राहिली तर वीस मिनिटांच्या आत वीस मीटर उंची गाठायची. भोंग्याची वाट बघायची नाही.

स्नेहलतागंजहून

मलुकू नाही, पण अंदमानचा उत्तर भाग, मायाबंदर आणि दिगलीपूर. आपलाच देश असल्यानं लोक गाफील राहतात. खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथे खाडीत आणि कधी उघड्या किनाऱ्यावरही येतात. २०१० मध्ये हॅवलॉकला स्नॉर्केलिंग करणारी एक परदेशी बाई मगरीच्या हल्ल्यात गेली. पाटी नसली तरी खाडीचं तोंड जवळ असेल तर मी पाण्यात उतरायच्या आधी कोळ्यांना विचारायचो आणि त्यांची मुलं कुठे डुंबतात ते बघायचो. मलुकूतही या मगरी आहेत, म्हणून लिहिलं. आणि जारवा आदिवासींच्या राखीव क्षेत्रातून ताफ्यानं जाताना गाडी थांबवू नका, फोटो काढू नका. तिथे आपल्यापासून त्यांना धोका आहे.

सुदामा नगरहून, मुलीची आई

सगळं वाचलं, दोनदा वाचलं. लेकीनंही वाचलं. काल रात्री आम्ही दोघींनी बसून ठरवलं ते लिहिते, कुणाला खटकलं तर सांगा.

रुनला ती जाणार, पण केईचा बेत तिनं वगळला, म्हणजे मोकळे दिवस मिळाले. बांदा नेइरात घरमालकिणीशी फोनवर बोलणं झालंय, मीही बोललेय, दोघींना एकमेकींचं काही कळलं नाही पण आवाज ऐकला. तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे, म्हणून तिचा निरोप आमच्या दुपारच्या जेवणाआधी यायचा असं ठरलं. रुनला रेंज मिळेल न मिळेल, त्यामुळे तिथे असताना तीन दिवस निरोप नाही आला तरी मी कोणाला फोन करणार नाही. हे कबूल करायला मला सगळ्यात जड गेलं. चौथ्या दिवशी सकाळी आधी घरमालकिणीला, मग जकार्तातल्या आपल्या दूतावासाला. समुद्रात शोधायला जाणाऱ्यांचा तिकडचा ११५ नंबर तिच्या फोनवर आणि कागदावर, दोन्हीकडे लिहिलाय. डॉक्टरांची वेळ सोमवारची घेतलीय. विम्याचा कागद अजून वाचायचाय, तो या रविवारी.