प्रॉडक्ट हेडनं कळमन्याच्या बाजारात जायचं की ऑफिसात बसायचं?

खामलेकर
बारा वर्षं प्रॉडक्टमध्ये काढली, त्यातली पाच आयटी पार्कात. सध्या आमच्याकडे प्रॉडक्ट हेड, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये काय बनवायचं ते ठरवणाऱ्यांचा प्रमुख, निवडायचाय आणि मुलाखती घेणाऱ्यांत मीही आहे. उमेदवार सगळे हुशार, रोडमॅप (पुढे काय, कधी बनवायचं त्याचा आराखडा) तोंडपाठ. मी एक प्रश्न हमखास विचारतो: तुमचं प्रॉडक्ट वापरणाऱ्या माणसाशेजारी शेवटचं कधी बसलात? बहुतेक जण आठवायला लागतात. माझ्या मते एवढ्या वरच्या पदाला लागणारा पहिला गुण हाच.

आधीच्या कंपनीत आम्ही अडत्यांसाठी ॲप केलं होतं. सोयाबीनचा हंगाम, नोंदी रोज वाढतायत, ऑफिसात सगळे खूश. एका सकाळी नागपूरच्या कळमना बाजारात जाऊन मुनीमजींच्या शेजारी बसलो. तिथे आधी लिलाव होतो, भाव ठरतो, मग माल काट्यावर जातो. आमच्या ॲपमध्ये मात्र वजन टाकल्याशिवाय भावाचा रकाना उघडतच नव्हता. मुनीमजी शांतपणे वजनात १ टाकायचे, भाव भरायचे आणि खरा हिशोब लाल वहीत लिहायचे. शेतकऱ्याला हिशोबाची पट्टी मिळायची ती वहीवरून. आम्ही मोजत होतो नोंदींची संख्या. ही रचना मंजूर करणारे आमचे हेड बाजारात एकदाही गेले नव्हते.

हे काही माझ्या डोक्यातलं खूळ नाही. या कामाचं मूळ जिथे सांगतात, ते नील मॅकेलरॉयचं १९३१ सालचं प्रॉक्टर अँड गॅम्बलमधलं तीन पानी टिपण घ्या. तेव्हा तो कॅमे साबणाची जाहिरात बघायचा. जिथे खप कमी, तिथे स्वतः जाऊन दुकानदार आणि गिऱ्हाईक बघा, हे त्यात आहेच.

धरमपेठकर
दादा, गोष्ट पटली, निष्कर्ष नाही पटला. हेड बाजारात गेले नाहीत याचं मला वाईट वाटत नाही. त्यांच्या हाताखालचं कुणीच गेलं नाही, किंवा जाऊन आलं आणि सांगायला घाबरलं, याचं वाटतं. वरच्या माणसाचं काम माणसं घडवणं.

मी ज्यांच्या हाताखाली होते, ते दर महिन्याला ग्राहकांकडे जायचे. सॉफ्टवेअर दवाखान्यांचं होतं. सोमवारी परत आले की एका डॉक्टरांच्या एका वाक्यावरून आमचं दीड महिन्याचं नियोजन मोडायचे. विचारलं की उत्तर ठरलेलं, "मी प्रत्यक्ष बघून आलोय." यावर आम्ही काय बोलणार? वर्षभरात आम्ही तिघी नोकरी सोडून गेलो. ॲमेझॉनच्या फायर फोनचंही तेच. कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जेफ बेझोस स्वतः त्याच्या बारीकसारीक गोष्टींत होते. २०१४ च्या जुलैत फोन बाजारात आला आणि त्याच वर्षी कंपनीला १७ कोटी डॉलर तोट्यात टाकावे लागले.

इतवारीकर
ताई, दाखला अर्धाच देऊन राहिल्या तुम्ही. त्याच २०१४ च्या नोव्हेंबरात इको आला, आवाजावर चालणारा स्पीकर. त्यातही बेझोस तेवढेच घुसले होते. तो तर चालला ना! मंग घुसण्याला काहून दोष द्यायचा?

धरमपेठकर
दोष घुसण्याला नाही देत. एकच माणूस, एकच सवय, एकदा जमलं, एकदा फसलं. म्हणजे यश त्या सवयीवर ठरत नाही, एवढंच माझं म्हणणं.

हेडफोनवाली
मी सपोर्टला आहे, सहा वर्षं. तुमच्या वादात आमची खुर्ची कुठेच नाही म्हणून लिहितेय. कळमना लांब राहिला, ग्राहक रोज आमच्या कानात बोलतो.

एक मॅडम होत्या हेड म्हणून. दर मंगळवारी जेवणानंतर माझ्या शेजारी दुसरा हेडफोन लावून बसायच्या. महिनाभर काही बदललं नाही, कुणाला सूचना नाही, फक्त वहीत लिहायच्या. मग एक दिवस आमच्या टीमला आणि त्या प्रॉडक्टच्या पीएमला (प्रॉडक्ट मॅनेजरला) एकत्र बसवलं, वही त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "यातलं काय आधी घ्यायचं, ते तू ठरव." पुढे डायरेक्टरांनी एका मोठ्या ग्राहकाला परस्पर एक फीचर कबूल केलं होतं. ते घेतलं असतं तर त्या पीएमचं ठरलेलं काम मागे पडणार होतं. मॅडमनी त्या ग्राहकाला आमच्यासमोर फोन लावला, माफी मागितली, तारीख नाही म्हणून सांगितलं. डायरेक्टर चिडले, तेव्हा "निर्णय माझा आहे" एवढंच बोलल्या. त्या पीएमचं नाव कुठे आलं नाही.

वरून आलेलं ओझं खाली न ढकलणारी इतक्या वर्षांत मला ती एकच व्यक्ती भेटली.

धरमपेठकर
ताई, मला हेच म्हणायचं होतं. त्या ऐकायला बसल्या, पण निर्णय ज्याचा त्याच्याकडे ठेवला.

खामलेकर
बसल्या म्हणून नेमकं काय द्यायचं ते कळलं, हेही धरा. पण वही दुसऱ्याच्या हातात देण्याचं मी लक्षात घेतलं नव्हतं, हे मान्य. माझा प्रश्न मी सोडत नाही. त्याला जोडून आणखी एक विचारीन: तिथून परत आल्यावर पहिल्या दिवशी कुणाला काय सांगितलंत?

उद्या अकरा वाजता पुण्याच्या एका उमेदवाराची मुलाखत आहे. त्याला आधी सकाळी कळमन्यात घेऊन जातो. सोबत आमची सर्वांत नवी पीएम असेल. परतताना गाडीत तो तिला किती बोलू देतो, ते बघायचंय.