मदत हवी आहे: पक्षच नव्हते, तर ‘अपक्ष’ कसं लिहायचं?

मंडळी, आम्ही ऑकलंडला असतो. लेकीला रविवारच्या मराठी शाळेसाठी न्यूझीलंडच्या पहिल्या संसदीय निवडणुकीचा तक्ता करायचाय. काल तिने स्केचपेनने रकाने आखले: मतदारसंघ, निवडून आलेला, पक्ष. तिसरा रकाना रिकामाच राहिला. मी म्हटलं, सगळ्यांपुढे ‘अपक्ष’ लिहून टाक. तर म्हणते, “आई, पक्ष असतील तर अपक्ष ना?” माझी बोलतीच बंद.

आतापर्यंत जमवलेलं सांगते. निवडणूक १८५३ ची. मतदान एका दिवशी नाही, १४ जुलैपासून १ ऑक्टोबरपर्यंत जागोजागी. मतदारसंघ २४, जागा ३७, म्हणजे काही ठिकाणी दोन-तीन सदस्य. नोंदलेले मतदार जेमतेम ५,८४९. मत २१ वर्षांवरच्या पुरुषालाच, तेही मालकीची ५० पौंडांची जमीन किंवा ठरावीक भाड्याचं घर असेल तर. दोन मतदारसंघांत मालमत्ता असली तर दोन्हीकडे मत! माओरींची (तिथल्या मूळ रहिवाशांची) जमीन सामाईक, म्हणून ते बहुतेक बाहेरच. गुप्त मतदानही नव्हतं, ते १८७० च्या कायद्याने आलं. आणि पहिला रीतसर पक्ष, लिबरल, थेट १८९१ मध्ये.

मग लोक मत देत होते ते काय बघून? आणि सरकार कुणाचं हे ठरायचं कसं? आठवीतल्या मुलीला पटेल असं कुणी सांगेल का?

प्रतिसाद:
ताई, लेकीचं बरोबर आहे. लोक माणूस बघून मत देत. पुढे सभागृहात मुख्य भांडण होतं ते प्रांतांच्या हाती किती सत्ता आणि मध्यवर्ती सरकारच्या हाती किती, याचं. पण हे गट म्हणजे पक्ष नव्हेत. स्टॅफर्डच बघा: नेल्सन प्रांताचा प्रमुख, तरी मध्यवर्ती सत्तेच्या बाजूचा. १८५४ मध्ये संसद भरली तेव्हा सभागृहाला जबाबदार, म्हणजे सभागृहाचा पाठिंबा गेला की पायउतार होणारं, मंत्रिमंडळच नव्हतं. ते आलं १८५६ मध्ये. सरकारचे प्रमुख असे: सेवेल १३ दिवस, फॉक्स १३ दिवस, मग स्टॅफर्ड पाच वर्षं. आमदार फुटले म्हणायचीही सोय नाही, कारण फुटायचं कशातून? तिसऱ्या रकान्यात ‘प्रांत’ लिहा, सहाच होते.

धागाकर्ती:
आभार! स्केचपेन खोडता येईना, म्हणून ‘पक्ष’वर पांढरी पट्टी चिकटवून ‘प्रांत’ लिहिलंय. आता एकच अडलंय: उमेदवारांची नावं जाहीर करून भाषणं व्हायची त्या लाकडी मंचाला काय म्हणू? ती ‘स्टेज’ म्हणते, मला ‘मचाण’ सुचतंय, पण त्यावर शिकारी बसल्यासारखा वाटतो. बे ऑफ आयलंड्सचा ह्यू कार्ल्टन बिनविरोध आला, तेवढा ‘बिनविरोध’ मात्र तिला पाठ झालाय.