बोनसमधून १ लाख ९० हजारांची हँडबॅग घ्यावी का?

निळी_शाई:
मी मुलुंडला भाड्याच्या घरात एकटी राहते आणि वांद्रे-कुर्ला संकुलात नोकरी करते. हातात येणारा पगार १ लाख १५ हजार रुपये आहे. त्यातून ३४ हजार भाडे, १५ हजार साताऱ्याला आईबाबांना, २० हजारांची एसआयपी आणि साधारण ३० हजार घरखर्च वजा जाता १६ हजार शिल्लक राहतात. अडीअडचणीसाठी मुदत ठेवीत ३ लाख आहेत आणि डोक्यावर कर्ज नाही. कर कापून २ लाख ४० हजारांचा बोनस नुकताच जमा झाला आहे. जिओ वर्ल्ड प्लाझा या मॉलमधील एका फ्रेंच कंपनीची बॅग, कॅनव्हासची आणि नैसर्गिक चामड्याच्या पट्ट्यांची, बरेच दिवस मनात भरली आहे. मैत्रिणीच्या मते अशी बॅग ही गुंतवणूकच असते, शिवाय बारा महिन्यांचे बिनव्याजी हप्तेही मिळतात. हौसेला मोल नसते हे मलाही ठाऊक आहे, परंतु ही बॅग मला परवडते का, याचे उत्तर मला हिशेबाने हवे आहे.

जमाखर्च:
भाडे, घरी पाठवायचे पैसे आणि घरखर्च मिळून आपला न टळणारा खर्च महिन्याला ७९ हजार आहे. नोकरी गेली तर ३ लाखांत चार महिनेही निघत नाहीत. सहा महिन्यांची तजवीज करायची तर ४ लाख ७४ हजार हवेत, म्हणजे १ लाख ७४ हजार कमी पडतात. बोनसमधून ही तूट आधी भरली, तर ६६ हजार उरतात, आणि हौसेसाठी मोकळी असलेली रक्कम आज तेवढीच आहे.

हप्त्यांनी यात फरक पडत नाही. १५,८३३ रुपयांचा हप्ता म्हणजे जवळपास सगळी मासिक शिल्लक वर्षभर बांधली जाते. बिनव्याजी म्हटले तरी बँक व्याज लावतेच, आणि तेवढी सवलत किमतीत मिळत असली, तरी त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी बँक ग्राहकाकडूनच घेते आणि बहुतेक वेळा प्रक्रिया शुल्कही लावते. शिवाय आईबाबांचा आरोग्यविमा केवळ आपल्या कंपनीच्या गटविम्यावर अवलंबून असेल, तर नोकरीबरोबर तोही जाईल. ते काम बॅगेच्या आधीचे आहे.

शिवडीकर:
गुंतवणुकीचा मुद्दा मात्र मनातून काढून टाकावा. अभिनेत्री-गायिका जेन बर्किन यांच्यासाठी हर्मेस या फ्रेंच कंपनीने बनवलेली मूळ बर्किन बॅग जुलै २०२५ मध्ये पॅरिसच्या लिलावात ८६ लाख युरोंना गेली, आणि अशा बातम्यांमुळे प्रत्येक महागडी बॅग सोन्यासारखी वाढते असा समज पसरतो. हर्मेसच्या बर्किन आणि केली या बॅगा किंवा शनेल या कंपनीच्या मोजक्या बॅगा सोडल्या, तर बहुतेक बॅगा दुकानाबाहेर पडताच खरेदीच्या किमतीखाली येतात, आणि विकून देणारा मध्यस्थ आपले कमिशन कापून घेतो ते निराळेच. दुकानातली किंमत दरवर्षी वाढते हे खरे आहे, पण त्या वाढीचा फायदा विकणाऱ्या कंपनीला होतो.

परदेशातून आणण्याचा विचार असेल, तर फ्रान्समध्ये पर्यटकांना खरेदीवरील कराचा, म्हणजे व्हॅटचा, परतावा मिळतो. ब्रिटनने मात्र तो २०२१ पासून बंद केला आहे. आणि मुंबई विमानतळावर सवलतीच्या मर्यादेपलीकडील किमतीवर सीमाशुल्क भरावे लागते, हे विसरून केलेली तुलना फसवी ठरते.

फलाट_दोन:
वरील दोघांनी किंमत पाहिली. मला ती बॅग वापरण्याचा खर्च अधिक महत्त्वाचा वाटतो. कॅनव्हासवर लेप असल्याने त्याला पावसाचे फारसे भय नाही, परंतु नैसर्गिक चामड्याच्या पट्ट्यांवर पाण्याचा थेंब पडला तरी डाग राहतो, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत बंद कपाटात ठेवलेल्या चामड्याला आपल्या हवेत बुरशी धरते. सकाळी मुलुंडहून कुर्ल्याला जाणाऱ्या फास्ट लोकलच्या महिला डब्यात ही बॅग आपण छातीशी धरून उभ्या राहणार का? मग पुढे शेअर रिक्षातही तसेच? बहुधा बॅग घेतली त्या दिवशी टॅक्सी करावीशी वाटेल, आणि मुलुंड ते संकुल असे जाण्यायेण्याचे टॅक्सीभाडे आठवड्यातून दोनदा जरी धरले, तरी त्या १६ हजारांतला मोठा हिस्सा तिकडेच जाईल. नाहीतर बॅग लग्नसमारंभापुरती कपाटाबाहेर येईल.

तरीही एक गोष्ट नोंदवते. कार्यालयातले पुरुष दीड लाखाचा फोन घेतात तेव्हा त्यांना कोणी सहा महिन्यांची तजवीज विचारत नाही. हौस करावी, पण तिच्यासाठी प्रवासाची सवय बदलावी लागत असेल, तर ती आपल्या पगाराच्या पुढची आहे, असे माझे मत आहे.

निळी_शाई:
सर्वांचे आभार. आईबाबांचा विमा स्वतंत्र आहे. टॅक्सीचा विचार मी केलाच नव्हता, आणि लोकलमध्ये ती बॅग नेण्याची कल्पना करून पाहिल्यावर उत्साह थोडा ओसरला, हे मान्य करते. १ लाख ७४ हजार मुदत ठेवीत टाकते. उरलेल्या ६६ हजारांत वापरलेली बॅग घेणे कितपत सुरक्षित आहे?

शिवडीकर:
मूळ बिल असेल आणि पटले नाही तर परत घेण्याची लेखी हमी मिळत असेल, तरच घ्यावी. केवळ अनुक्रमांकावर किंवा तारखेच्या शिक्क्यावर विसंबू नये, कारण नकली मालावर तेही हुबेहूब असतात. प्रत्यक्ष भेटून कोपरे, पट्ट्यांची शिवण आणि आतले अस्तर पाहावे, आणि एकदा वासही घ्यावा. दमट कपाटात राहिलेली बॅग वरून कितीही पुसली, तरी आतून कुबट वास येतोच.