मदत हवी आहे: बॉरेगो स्प्रिंग्जमध्ये (कॅलिफोर्निया) बिऱ्हाड करावं का?

नमस्कार मंडळी,

नवऱ्याची रेसिडेन्सी (डॉक्टरांचं प्रशिक्षण) जूनमध्ये संपतेय. जे-१ वेव्हरसाठी (या व्हिसानंतर मायदेशी परतण्याच्या अटीतून सूट) डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काढणं आलंच. हातात असलेल्या दोन ऑफर्सपैकी एक बॉरेगो स्प्रिंग्जची आहे. सॅन डिएगो काउंटी असं वाचलं आणि मी मनातल्या मनात समुद्राकाठी घर थाटूनही बसले. नकाशा उघडला तर समुद्र डोंगरापलीकडे दोन तासांवर, आणि गाव अँझा-बॉरेगो स्टेट पार्कच्या वाळवंटाने चहूबाजूंनी वेढलेलं.

मागच्या शनिवारी जाऊन आलो. रँचिटा मागे पडलं की माँटेझुमा ग्रेड लागते. आपला कसारा घाट समजा, फक्त झाडं वजा केलेला. लेकीने (वय ५) तिसऱ्या वळणावर सकाळचे पोहे परत केले. खाली उतरल्यावर मात्र छान वाटलं, खोटं कशाला बोलू. गावात एकही सिग्नल नाही. मधोमध ख्रिसमस सर्कल नावाचा मोठा गोल चौक, बागेसकट. बाहेर मोकळ्या जमिनीवर रिकार्डो ब्रेसेडा यांनी बनवलेले लोखंडी प्राणी उभे आहेत, हत्ती, उंट, काय काय. एक भलामोठा सर्प तर रस्त्याच्या या बाजूला जमिनीत शिरतो आणि त्या बाजूला वर येतो. लेक तिथून हलेना. "याचं पोट रस्त्याखाली अडकलंय का?" हे घरी येईपर्यंत चालू होतं.

दुकानात कोथिंबीर, मिरच्या, लिंबं मिळाली (मेक्सिकन शेजाऱ्यांची कृपा). मेथी, कढीपत्ता यांचं नावही नाही.

आता अडचणी. गाव अनइन्कॉर्पोरेटेड आहे, म्हणजे ना नगरपालिका, ना महापौर. मग पाणी गेलं, रस्ता खचला तर जायचं कुणाकडे? आई सप्टेंबरात सहा महिन्यांसाठी येणार आहे, ती इन्सुलिनवर आहे. डॉक्टर घरातच असेल, पण हॉस्पिटल डोंगरापलीकडे, हे मला पचत नाहीये. आणि मी एच-४ वर (नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा) असणार, घाटात गाडी चालवायचा अनुभव शून्य. उन्हाचं कौतुक मला सांगू नका, मी जळगावची आहे.

कुणी तिथे किंवा आसपास राहिलंय का?
— केळफूल

कोरडा_दुष्काळ: जळगावकरांनी बॉरेगोला घाबरावं म्हणजे कमाल झाली. भरताची वांगी लावा, गावाचं नाव काढाल.

घाटमाथा: मी ज्युलियनला (डोंगरावरचं गाव) तीन वर्षं होतो, म्हणजे तुमच्याच डोक्यावर. तेही अनइन्कॉर्पोरेटेडच. सवय होते.

सोपं करून सांगतो. तुमची नगरपालिका म्हणजे सॅन डिएगो काउंटी. ग्रंथालय, बांधकाम परवाने आणि एस-२२ (तुमचा माँटेझुमा ग्रेडचा रस्ता) सारखे रस्ते काउंटीकडे. ७८ नंबरचा रस्ता राज्याचा. पोलीस म्हणजे शेरीफ. पाण्याला बॉरेगो वॉटर डिस्ट्रिक्ट, आगीला फायर प्रोटेक्शन डिस्ट्रिक्ट, शाळेला स्कूल डिस्ट्रिक्ट. म्हणजे एका खिडकीऐवजी पाच खिडक्या, पण प्रत्येक खिडकीत माणूस ओळखीचा. गावकऱ्यांची स्पॉन्सर ग्रुप नावाची समिती आहे, ती काउंटीला फक्त सल्ला देते. तिच्या बैठकीला एकदा जाऊन या. गावात कोण कुणावर चिडलंय ते तासाभरात कळतं.

भाड्याचं घर बघताना पाणी कुठून येतं ते आधी विचारा: डिस्ट्रिक्टचा नळ की स्वतःची विहीर. सगळं गाव भूजलावर आहे, बाहेरून पाइपलाइन नाही. उपसा इतका वाढला होता की प्रकरण कोर्टात गेलं, आणि २०२१च्या निकालानुसार २०४० पर्यंत तो सुमारे तीन चतुर्थांशाने कमी करायचाय. मोठा उपसा शेती आणि गोल्फ कोर्सचा, पण तुम्ही हिरवळवालं घर घेऊ नका.

सॅनडिएगोची_सून: केळफूलताई, किराण्यासाठी महिन्यातून एकदा इकडे चक्कर मारा. ब्लॅक माउंटन रोडवर सगळी देशी दुकानं एका रांगेत आहेत. कढीपत्ता आणा, धुऊन पुसून फ्रीझरमध्ये टाका. बर्फाची पेटी गाडीत कायमची ठेवा, नाहीतर पनीरचं घरी जाईपर्यंत काय होईल ते बघवणार नाही.

हिवाळ्यात शुक्रवारी ख्रिसमस सर्कलवर बाजार भरतो. तिथली ग्रेपफ्रुट्स चाखा. आम्ही फुलं बघायला गेलो होतो तेव्हा पिशवीभर आणली आणि मुरंबा केला.

इंपीरियल_व्हॅली: मी पूर्वेकडून उत्तर देतो, कारण सगळे पश्चिमेकडेच बघतायत. घाट चढायची गरजच काय? एस-२२ ने उलट दिशेला सॉल्टन सीकडे उतरा, तिथून इंडिओ, ला क्विंटा. कॉस्टको, वॉलमार्ट, दातांचे डॉक्टर, सगळं सव्वा-दीड तासात. रस्त्याला वळणं आणि खोलगट भाग आहेत, पण माँटेझुमासारखी दरी नाही. गाडीचा सराव याच रस्त्यावर करा. पावसाचा अंदाज असेल त्या दिवशी मात्र निघू नका. कोरडे ओढे दहा मिनिटांत भरतात आणि रस्त्यावरून वाहतात. ऑगस्ट २०२३ चं हिलरी वादळ आठवत असेलच.

आता इन्सुलिन. गावाला वीज आणणारी मुख्य लाइन एकच. म्हणूनच तिथे वीज कंपनीने सौरऊर्जा, बॅटऱ्या आणि जनरेटर जोडून मायक्रोग्रिड उभारलंय. सप्टेंबर २०१३ च्या वादळात लाइन पडली, तेव्हा हजाराहून जास्त ग्राहकांना त्यावरून वीज मिळाली होती. तरी छोटी बॅटरी आणि इन्सुलिनची थंड पिशवी घरात हवीच. औषधं टपालाने मागवणार असाल तर पार्सल उन्हात किती वेळ पडून राहील ते बघा. दुकानात जाऊन आणलेली बरी. आणि आईंचा व्हिजिटर विमा घेताना एअर अँब्युलन्स त्यात आहे का, ते पॉलिसी उघडून वाचा. गंभीर रुग्णाला तिथून सहसा हेलिकॉप्टरने हलवतात, आणि ते बिल बघून धडधाकट माणूसही आजारी पडेल.

घाटमाथा: +१. आणि आईंना सप्टेंबरात नका आणू हो. जुलै-ऑगस्टची दुपार सरासरी ४१-४२ अंशांची, सप्टेंबरातही फार उतार नसतो. नोव्हेंबर ते मार्च म्हणजे स्वर्ग. तेव्हाच थंडीतले पाहुणे म्हातारे-म्हाताऱ्या आपापल्या आरव्ही (चाकांवरची घरं) घेऊन येतात, आईंना फिरायला सोबत मिळेल. २०१० च्या जनगणनेत गावाची वस्ती ३,४२९ होती. उन्हाळ्यात त्यातलेही निम्मे पळाले असावेत असं वाटतं.

रातराणी: कुणी आकाशाबद्दल बोललंच नाही! २००९ पासून बॉरेगो डार्क स्काय कम्युनिटी (रात्रीचा उजेड आवरून आकाश काळोखं राखणारं गाव) आहे, कॅलिफोर्नियातली पहिली. आम्ही गच्चीवर नाही, साध्या अंगणात सतरंजी टाकून आकाशगंगा पाहिली. घराबाहेरच्या दिव्यांना वरून झाकण लागतं, तेवढं लक्षात ठेवा.

केळफूल: सगळ्यांचे मनापासून आभार. काल फोनाफोनी केली. शाळेच्या बाईंनी लेकीचं नाव दोनदा विचारून नीट उच्चारलं, निम्मं मन तिथेच वळलं. वर्गात बहुतेक मुलं घरी स्पॅनिश बोलणारी आहेत, म्हणजे आमची मराठी तिथे विचित्र वाटणार नाही. ग्रंथालय नवं आहे, एसीही चांगला. तिथे स्वयंसेवक म्हणून यायला सांगितलंय, एच-४ वर चालतं ना ते वकिलांना विचारून घेते. एल कहोनला (सॅन डिएगोजवळचं शहर) जाणारी बसही आहे म्हणे, पण आठवड्यातून जेमतेम एक-दोन दिवस. आमच्या गावची मुक्कामी एसटी बरी!

आईचं तिकीट १० नोव्हेंबरवर ढकललं. ती फोनवर म्हणाली, "जावई डॉक्टर आहेत ना? मग मला ओढे-नाले काय सांगतेस!" पश्चिमेचा रस्ता सध्या नवऱ्याकडे, पूर्वेचा माझ्याकडे.

शेवटचं एक: मेथी घरी होईल का तिथे?

इंपीरियल_व्हॅली: ऑक्टोबरच्या शेवटी पेरा, महिन्याभरात भाजी. कुंडीतच लावा, आणि वर बारीक जाळी हवी. ससे एका रात्रीत साफ करतात.