अनुभव धागा: घरातल्या सगळ्यांना घेऊन सालारजंग संग्रहालय

नांदेड, परभणी, लातूरकडच्या घरांना हैदराबाद मुंबईपेक्षा जवळचे, आणि १९४८ पर्यंत आपला मुलूख निजामाच्याच राज्यात असल्यामुळे थोडे ओळखीचेही. मूसी नदीकाठचे सालारजंग संग्रहालय मुख्यतः मीर युसूफ अली खान, म्हणजे निजामाचे एकेकाळचे दिवाण तिसरे सालारजंग, यांच्या संग्रहातून उभे राहिले; ते १९५१ साली सर्वांसाठी खुले झाले आणि १९६८ पासून सध्याच्या जागी आहे. गुडघे धरलेली, दृष्टी अधू झालेली किंवा गर्दीत बावरणारी माणसे सोबत घेऊन जे तेथे जाऊन आले, त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती. सुरुवात मीच करते.

माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. व्हीलचेअर घेऊ या, असे मी प्रवेशद्वाराशी म्हणताच "मला काय लुळी समजलीस का?" असे म्हणून त्या तरातरा पुढे निघाल्या, आणि मीही चारचौघांत वाद नको म्हणून गप्प बसले, ही माझी चूक. संग्रहालयाच्या तीन इमारती आहेत आणि घरातल्या घरात चालणाऱ्या माणसाला तेथल्या अंतराचा अंदाज येत नाही. तासाभरात बाकावर टेकून त्याच म्हणाल्या, "आण बाई तुझी ती गाडी." खुर्चीत बसल्यावर मात्र त्यांचे पाहणे बदलले. बिदरी कामाच्या दालनात एका पानदानापाशी त्यांनी मला थांबवले आणि काळ्या धातूत ठोकून बसवलेली चांदीची नक्षी बोटाने हवेत गिरवत, त्यांच्या आजोळी असेच एक होते, पण आतल्या चुन्याच्या डबीचे झाकण हरवलेले होते, हे त्यांनी मला पहिल्यांदाच सांगितले. जस्त-तांब्याच्या त्या धातूला बिदरच्या किल्ल्यातली माती लावून काळे करतात, हे मी त्यांना वाचून दाखवले. त्यांना त्यात फारसा रस नव्हता.

उदगीरहून आलेले उत्तर:

आमचा नऊ वर्षांचा मुलगा स्वमग्न आहे. संगीतघड्याळातला दाढीवाला बाहुला तासाला बाहेर येऊन टोल देतो, ते पाहण्यासाठी सगळे अंगण भरते. नेमके तेच पाहण्यासाठी त्याने आठवडाभर घोकणी लावली होती. आम्ही बाराचा ठोका मुद्दाम टाळला, कारण तेव्हा टोल बारा आणि गर्दीही अधिक. सकाळी दार उघडल्यावर थेट तेथेच गेलो, कान झाकायचा हेडफोन त्याच्या हातात दिला आणि अकराच्या टोलाला सगळ्यांच्या मागे, बाहेर जायच्या वाटेजवळ उभे राहिलो. त्याने हेडफोन घातला, काढला, पुन्हा घातला, आणि टोल संपल्यावर "अजून एक" म्हणाला. पुढचा टोल बाराचा होता, हे त्याला समजावण्यात आमचा अर्धा तास गेला.

छत्रपती संभाजीनगरहून आलेले उत्तर:

काचबिंदूमुळे वडिलांना मधले थोडेसेच दिसते. बेन्झोनी या इटालियन शिल्पकाराच्या 'बुरख्यातील रेबेका'पाशी बहुतेक लोक फोटो काढून निघून जातात. आम्ही तेथे वीस मिनिटे होतो. संगमरवरच अंगावरच्या झिरझिरीत वस्त्रासारखा कोरला आहे, हे मी सांगत होतो आणि ते मान किंचित तिरकी करून एकेक भाग दृष्टीच्या त्या लहानशा झरोक्यात आणत होते: आधी कपाळ, मग नाक, मग हात. "पडदा आहे खरा, पण नाक दिसतंय," असे ते म्हणाले तेव्हा शेजारच्या बाईंनीही पुन्हा वळून पाहिले. मेफिस्टोफेलिस आणि मार्गारेटा, म्हणजे गटेच्या 'फाउस्ट' नाटकातले सैतान आणि तरुणी, ही एकाच लाकडाची दुहेरी मूर्ती आहे; पुढून तो, मागून ती, आणि मागची बाजू आरशात पाहायची असते. आरशातले प्रतिबिंब त्यांना लागेना, म्हणून आम्ही फेरी मारून मागून पाहिले. त्या दिवशी आमची एवढीच दोन शिल्पे झाली. अजिंठ्याला आईला डोलीतून नेले होते तेव्हा सगळी लेणी उरकण्याच्या नादात तिला पद्मपाणीच्या प्रसिद्ध चित्रासमोर नीट थांबूही दिले नव्हते, हे मला आता खुपते.

हिंगोलीहून आलेले उत्तर:

शुक्रवारी संग्रहालय बंद असते. आम्ही दोन आजी, एक तान्हे मूल आणि डबे घेऊन शुक्रवारीच पोहोचलो होतो.