तीन गुणांची आघाडी आणि शेवटचे काही सेकंद

प्रश्न: 2008 च्या एनसीएए (अमेरिकेतील विद्यापीठांच्या) बास्केटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात प्रशिक्षक जॉन कॅलिपारी यांच्या मेम्फिसकडे साधारण दोन मिनिटे उरलेली असताना नऊ गुणांची आघाडी होती. तरीही 2.1 सेकंद बाकी असताना कॅन्ससच्या मारियो चाल्मर्सने तीन गुणांची बास्केट करून बरोबरी साधली आणि जादा वेळेत कॅन्सस 75-68 असे जिंकले. तीन गुणांची आघाडी असताना, त्या फटक्याआधी मेम्फिसने मुद्दाम फाउल करणे योग्य ठरले नसते का?

उत्तर 1: ठरले असते, कारण फटक्याआधी फाउल झाल्यास प्रतिस्पर्ध्याला जास्तीत जास्त दोनच फ्री थ्रो (विनाअडथळा, एकेका गुणाचे फटके) मिळतात. मात्र मेम्फिसने शेवटच्या सव्वा मिनिटात पाचपैकी चार फ्री थ्रो वाया घालवले, हे खरे दुखणे होते.

उत्तर 2: फाउल क्षणभर उशिरा, म्हणजे तीन गुणांचा फटका मारताना झाला, तर तीन फ्री थ्रो पदरात पडतात, म्हणून मला सराव अधिक महत्त्वाचा वाटतो. 2016 च्या अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायनाने व्हिलानोव्हाविरुद्ध 74-74 अशी बरोबरी साधली, तेव्हा 4.7 सेकंद उरले होते. व्हिलानोव्हाचा आर्चिडियाकोनो चेंडू घेऊन पुढे धावला, मागून येणाऱ्या सहकारी जेन्किन्सकडे त्याने तो सोपवला, जेन्किन्सने बास्केट केली आणि व्हिलानोव्हा जिंकले. त्यांचे प्रशिक्षक जे राइट यांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. तो संयम मला फार मोलाचा वाटतो.